शैक्षणिक वाहिनीवर लेखनाचे पाठ : अर्जापासून प्रक्षेपणापर्यंत

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका अनुदानित मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. जून २०२४ मध्ये, शाळा नुकतीच सुरू झाली असताना, शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक सूचना आली. तिसरी ते पाचवीच्या मुलांना लेखन शिकवणारी बारा भागांची मालिका एका शैक्षणिक वाहिनीसाठी तयार होणार होती आणि संहिता लिहून कॅमेऱ्यासमोर स्वतः शिकवू शकतील अशा प्राथमिक शिक्षकांकडून अर्ज मागवले होते. कॅमेऱ्याचा अनुभव आवश्यक नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ते वाक्य नसते तर मी अर्ज केलाच नसता.

दूरचित्रवाणीवरून शिकवणे आपल्याकडे नवे नाही. माझ्या पिढीने पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिले आहेत; १९८४ साली सुरू झालेली ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. टाळेबंदीत, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली, तेव्हा माझ्या वर्गातील ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता त्या घरांतही टीव्ही होता, आणि मुले फोनवर मला त्या दिवशीचा पाठ उत्साहाने सांगत असत. ‘आता हेच चार ओळींत लिहून ठेव’ असे म्हटले की मात्र पलीकडे शांतता पसरे. हा दोष कोणत्याही एका मालिकेचा नाही. पाहणे आणि सांगणे टीव्हीसमोर बसून साधते, पण लिहिण्यासाठी मुलाला पडद्यावरून नजर काढून वहीत घालावी लागते, आणि पडद्याला तर नेमके तेच नको असते. या अडचणीचे काय करता येईल, एवढा एकच प्रश्न घेऊन मी अर्ज भरला.

अर्जाला शुल्क नव्हते. सेवेच्या मान्यतापत्राची प्रत, डी. एड. चे प्रमाणपत्र, पॅन कार्ड, रद्द केलेला धनादेश, पाच मिनिटांच्या अध्यापनाची चित्रफीत आणि शाळेचे ना हरकत प्रमाणपत्र जोडायचे होते. त्यांतील शेवटच्या कागदाला सर्वांत जास्त वेळ लागला. मुख्याध्यापकांची सही पुरेशी नसते; मानधन मिळणारे बाहेरचे काम असल्यामुळे संस्थेच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी लागते आणि व्यवस्थापनाची सभा महिन्यातून एकदा होते. कोणी असा अर्ज करणार असेल तर हे प्रमाणपत्र आधी मागावे आणि त्यात ‘शालेय वेळेबाहेर व सुट्टीच्या दिवशी’ असे शब्द आवर्जून घालून घ्यावेत, कारण पुढे चित्रीकरणाच्या तारखा ठरताना त्याच शब्दांचा आधार मिळतो. चित्रफीत मी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात सहकारी बाईंच्या फोनवर केली. फळ्यावर उजेडाची तिरीप पडत होती म्हणून दोन खिडक्यांना चार्ट पेपर लावले. खर्च चाळीस रुपये.

निवडीचा ई-मेल ९ ऑगस्टला आला. महिनाअखेरीस दादरला दोन दिवसांची कार्यशाळा झाली. संहिता दोन रकान्यांत लिहितात, डाव्या रकान्यात दिसणारे आणि उजव्यात ऐकू येणारे, हे मी तेथे प्रथम शिकले. पंधरा मिनिटांच्या वेळेत प्रत्यक्ष पाठाला सुमारे तेरा मिनिटे मिळतात, बाकीची शीर्षकगीत आणि श्रेयनामावलीत जातात. प्रत्येक भागाला एकच अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पाठानंतर मुलाला काय जमायला हवे ते, धरायची, असे सांगण्यात आले. पहिल्या भागात अक्षराचे वळण, दुसऱ्यात विरामचिन्हे, तिसऱ्यात शब्दावरून वाक्य, मग चित्रवर्णन, सूचना लिहिणे, पत्र, अनुभव आणि शेवटी स्वतःची गोष्ट, असा क्रम ठरला. अनुलेखन (पाहून लिहिणे) आणि श्रुतलेखन (ऐकून लिहिणे) यांना मी स्वतंत्र भाग देऊ नयेत असे सुचवले, कारण ते वर्गात रोज होते आणि त्यात मुलाला स्वतःचे काही सांगायचे नसते. ही सूचना बिनविरोध मान्य झाली, याचे मला आश्चर्य वाटले.

कार्यशाळेत एका मार्गदर्शकांनी परदेशातील उदाहरण दिले, ते माझ्या डोक्यात बसले. अमेरिकेत १९९२ साली ‘घोस्टरायटर’ नावाची मुलांची मालिका सुरू झाली. तिच्यातील भूत बोलू शकत नाही आणि त्याला ऐकूही येत नाही; ते फक्त अक्षरे वाचू शकते आणि अक्षरे हलवून उत्तर देऊ शकते. त्यामुळे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील त्या मुलांना त्याच्याशी बोलायचे तर लिहावेच लागते. लिहिण्याला कारण देण्याची ही युक्ती मला कोणत्याही व्याकरणाच्या नियमापेक्षा मोलाची वाटली. आपल्या मालिकेत भूत नको होते, पण कारण हवे होते. म्हणून माझ्या संहितेत एक आजी आली. ती गावी असते, तिच्याकडे फोनला रेंज नसते आणि नातवंडांनी पाठवलेले अपुरे लिखाण वाचून ती उलट प्रश्न विचारते. ‘पाऊस आला आणि मजा आली’ असे लिहिले की आजी विचारते, कुठे आला, कोण भिजले, मजा म्हणजे नेमके काय केले. मूल पुन्हा लिहिते, खोडते आणि त्यात भर घालते.

संहिता गणपतीनंतर द्यायच्या होत्या. पाठ्यपुस्तकातील कविता आणि उतारे वापरायचे नाहीत, अशी सक्त सूचना होती. बालभारतीच्या पुस्तकांचे हक्क राखीव असतात आणि परवानगीच्या पत्रव्यवहाराला वेळ नव्हता. त्यामुळे सर्व नमुना-लेखन मला नव्याने करावे लागले, आणि त्याचा फायदाच झाला, कारण मी ते माझ्या वर्गात आधी वापरून पाहू शकले.

संहितेच्या तपासणीत मुख्य वाद झाला तो विरामावर. प्रत्येक भागात दोन ठिकाणी मी ‘येथे मुले घरी लिहितात, ४० सेकंद’ असे डाव्या रकान्यात लिहिले होते आणि उजवा रकाना रिकामा ठेवला होता. परत आलेल्या प्रतीत त्या रिकाम्या जागेभोवती लाल वर्तुळ आणि शेजारी प्रश्नचिन्ह होते. निर्मात्यांचे म्हणणे असे की, दूरचित्रवाणीवर दहा सेकंदांची शांतताही बिघाडासारखी वाटते आणि प्रेक्षक वाहिनी बदलतो. हे म्हणणे खोटे नाही. पण माझ्या वर्गात पाच-सहा शब्दांचे स्वतःचे वाक्य लिहायला कोणाला अर्धे मिनिट लागते, कोणाला दोन मिनिटे लागतात, आणि कोणी पहिले मिनिट पेन्सिलीचे टोक पाहण्यातच घालवतो. ‘आता तुम्ही लिहा’ म्हणून तीन सेकंदांनी ‘छान, लिहिलेत ना!’ असे म्हणणारा पाठ त्या मुलाला एकच गोष्ट शिकवतो, की हे माझ्यासाठी नाही.

पुष्कळ ई-मेलनंतर तोडगा निघाला. चाळीस सेकंद राहिले, पण ते रिकामे राहिले नाहीत. त्या वेळात पडद्यावर एक मूल खरोखर लिहिताना दिसेल, पेन्सिलीचा आवाज ऐकू येईल, कोपऱ्यात वेळ दाखवणारे वर्तुळ भरत जाईल आणि मी एक अक्षरही बोलणार नाही. ते मूल चुकेल, खोडेल, पुन्हा लिहील, आणि ते संकलनात कापले जाणार नाही, हे मी संहितेच्या मंजूर प्रतीत लिहून घेतले. ज्यांना पुढे असे काम करायचे आहे त्यांना माझे सांगणे आहे की, जे टिकवायचे असेल ते मंजूर संहितेत शब्दांत असले पाहिजे. तोंडी ठरलेले संकलकापर्यंत पोहोचत नाही.

ऑक्टोबरपासून सर्व काही थांबले. विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान होते आणि बहुतेक शिक्षकांप्रमाणे मलाही निवडणुकीचे काम आणि त्याचे प्रशिक्षण होते. करारावर सही नोव्हेंबरच्या शेवटी झाली. तोपर्यंत शंभर रुपयांच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली होती. तो खर्च निर्मात्यांनी केला. करार मी एका ओळखीच्या वकील ताईंकडून वाचून घेतला आणि त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, संहितेचे हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी देत आहात ते लिहिलेले असावे. लिहिले नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारत असा धरला जातो. दुसरी, हेच लिखाण स्वतःच्या वर्गात वापरण्याची मुभा राखून ठेवावी. दुसरे कलम घालण्याची विनंती निर्मात्यांनी लगेच मान्य केली. मानधन संहिता आणि सादरीकरण मिळून प्रत्येक भागाला ३,५०० रुपये ठरले.

यानंतरचा टप्पा मुलांच्या परवानगीचा होता, आणि त्याविषयी बहुतेक शिक्षकांना काहीच माहिती नसते. पडद्यावर लिहिणारी चार मुले माझ्याच वर्गातील होती. चौदा वर्षांखालील मुलांना अशा चित्रीकरणात घ्यायचे तर बालकामगार प्रतिबंधाच्या नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत नमुना ‘क’ मधील हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची लेखी संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव द्यावे लागते. पाच मुलांमागे किमान एक अशी जबाबदार व्यक्ती असावी लागते. काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नको. परवानगी ज्या जिल्ह्यात चित्रीकरण होते तेथील हवी. मुंबईत दोन जिल्हे आहेत हे येथे लक्षात ठेवावे लागते : आमच्या तालमी दादरला, म्हणजे शहर जिल्ह्यात होत होत्या, पण स्टुडिओ गोरेगावला असल्याने अर्ज मुंबई उपनगर जिल्ह्यासाठी, वांद्रे पूर्वेला करायचा होता. तो निर्मात्यांनीच डिसेंबरमध्ये केला. माझ्याकडे पालकांचे कागद गोळा करण्याचे काम होते.

या नियमांतील एक तरतूद मला फार आवडली, आणि तिनेच पालकांची सर्वाधिक धावपळ केली. मुलाच्या कमाईपैकी किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावी लागते. प्रत्येक मुलाला चार दिवसांचे मिळून सहा हजार रुपये मिळणार होते, म्हणजे ठेव बाराशेची. रक्कम लहान असली तरी अल्पवयीन मुलाच्या खात्याला जन्मदाखला, मुलाचे आधार, पालकाचे आधार व पॅन आणि दोघांची छायाचित्रे हे सर्व लागतेच. एका मुलाची आई चार घरी स्वयंपाक करते. तिला बँकेच्या वेळेत जाण्यासाठी दोन घरांची सकाळची कामे सोडावी लागली. शिक्षकांनी पालकांना हे आधीच सांगावे आणि शक्य असल्यास सर्वांना एकाच शाखेत एकाच दिवशी न्यावे. आम्ही तसे केले, आणि शाखेतील कर्मचाऱ्यांनी चारही अर्ज एकत्र तपासून दिले.

चित्रीकरण ५, १२ व १९ जानेवारी आणि २ फेब्रुवारी २०२५ या रविवारी झाले. २६ जानेवारीचा रविवार ध्वजवंदनामुळे वगळला. रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, हे मुंबईकरांना सांगायला नको. पहिल्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन बसने जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने गेलो आणि पोहोचेपर्यंत दोघांना बस लागली होती. त्यानंतर निर्मात्यांनी गाडी पाठवली. प्रवासाची सोय करारात नसेल तर ती आधी विचारून घ्यावी.

स्टुडिओत शिरताना माझ्या हाताला घाम सुटला होता. वर्गात चाळीस चेहरे समोर असतात आणि त्यांतील दोन चेहरे वाकडे झाले की आपण उदाहरण बदलतो. येथे समोर काळे भिंग आणि त्यावर सरकणारी माझीच वाक्ये होती. टेलिप्रॉम्प्टरवरची मोठी वाक्ये वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे फिरलेले स्पष्ट दिसतात, म्हणून मी पहिल्या दिवशीच्या जेवणाच्या सुट्टीत पुढच्या भागांची वाक्ये तोडून लहान केली. बारीक पट्ट्यांची साडी चालत नाही, पडद्यावर ती थरथरते. मागे हिरवा पडदा असल्यामुळे हिरवी तर नाहीच. एकाच दिवशी तीन भाग होत असल्याने इस्त्री केलेल्या तीन साध्या रंगांच्या साड्या सोबत न्याव्या लागतात.

सर्वांत जास्त वेळ गेला तो हाताच्या चित्रणात. लिहिणारा हात वरून टिपताना उजव्या हाताची बोटे नेमके लिहिले जाणारे अक्षर झाकतात. म्हणून कॅमेरा डोक्यावर सरळ न ठेवता डावीकडे झुकवावा लागला. आमच्यातील एक मुलगी डावखुरी होती. तिच्यासाठी सर्व मांडणी उलटी केली. तिला उजव्या हाताने लिहायला सांगावे असे तेथे एकालाही सुचले नाही, याबद्दल मी त्या मंडळींची आभारी आहे. पांढरा कागद दिव्यांखाली चमकतो, त्याऐवजी फिकट पिवळसर कागद चांगला. पेन्सिल एचबी नको, गडद टूबी हवी. अशा बारीकसारीक गोष्टी कॅमेरामनदादांनी मला न कंटाळता समजावल्या.

मुलांना मी काय लिहायचे ते सांगितले नव्हते. पहिल्या चाळीस सेकंदांत एका मुलाने फक्त ‘माझी’ एवढेच लिहिले आणि तो थांबला. नियंत्रणकक्षातून पुन्हा घेऊ या का, असे विचारले गेले. मी मंजूर संहितेतील ओळ दाखवली. तो एकच शब्द तसाच राहिला, आणि आजीचा प्रश्न आला, ‘माझी काय?’ त्यावर मुलाने जे लिहिले ते मी संहितेत लिहिलेल्या कोणत्याही वाक्यापेक्षा चांगले होते : ‘माझी छत्री शाळेत राहिली म्हणून मी आणि ताई एका दप्तराखाली आलो.’ पाच तासांच्या मर्यादेमुळे मुलांचे प्रसंग सकाळीच उरकायचे आणि माझे एकटीचे दुपारनंतर, असा क्रम लावला होता. तालमीत आधी लिहून घेतलेले वाक्य मुलांकडून पुन्हा लिहून घेणे अर्थात सोपे गेले असते, परंतु पडद्यासमोर बसलेल्या मुलाला विचार आणि पाठांतर यांतला फरक बरोबर कळतो.

मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या तयारीतच, संकलित भाग पाहण्यासाठी बोलावणे आले. पहिल्या भागातील अक्षरांचे वळण दाखवणारी चित्रे संगणकातील तयार फॉन्टवरून केलेली होती आणि त्यांत ल आणि श हिंदी वळणाचे आले होते. मराठीच्या प्रमाणित वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहे, मुले पुस्तकात तेच पाहतात, आणि वळण शिकवणाऱ्या भागातच वेगळे अक्षर दिसले तर घरोघरच्या पालकांपर्यंत गोंधळ जातो. चित्रकाराला हा भेद कोणी सांगितलाच नव्हता. त्यांनी आठवडाभरात सर्व चित्रे बदलून दिली. आपल्यापैकी कोणी असे काम केले तर फॉन्टचा नमुना आधी मागवून घ्यावा. अक्षराची रेघ कोठून सुरू होते हेही तपासावे, कारण चलचित्रात शिरोरेषा आधी काढलेली दिसत होती आणि आपण ती शेवटी देतो.

मानधन मार्चच्या अखेरीस खात्यात आले. ४२,००० रुपयांतून दहा टक्के, म्हणजे ४,२०० रुपये, प्राप्तिकर कापून ३७,८०० मिळाले. कपातीचे प्रमाणपत्र, नमुना १६ अ, मागून घ्यावे लागले आणि विवरणपत्र भरताना हे उत्पन्न पगारापासून वेगळे दाखवावे लागले. माझा स्वतःचा खर्च प्रवास, छायाप्रती आणि एक नवी साडी मिळून तीन हजारांच्या आसपास झाला.

प्रक्षेपण ७ जुलै २०२५ पासून, आठवड्यातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी पुनःप्रक्षेपण, असे झाले. पहिला भाग मी शाळेतच मुलांसोबत पाहिला. माझा आवाज मला परका वाटला. मुलांना मात्र आपल्याच वर्गातल्या चौघांना पडद्यावर पाहून बाकी काही ऐकू येत नव्हते. चाळीस सेकंदांचे वर्तुळ भरू लागले तेव्हा मी पडद्याऐवजी बाकांकडे पाहिले. निम्मी मुले लिहीत होती, काही पडद्यावरच्या मुलाचे वाक्य उतरवत होती, आणि दोघांनी अजून वही उघडली नव्हती. वाहिनीने ठेवलेला वेळ त्यांना पुरला नाही, हे तेथेच दिसले.

टीव्हीला मुलाची वही दिसत नाही, ही उणीव उरतेच. ती थोडी भरून काढण्यासाठी शेवटी ‘आजीला पोस्टकार्ड लिहा’ असे आवाहन आम्ही ठेवले होते. साधे पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळते; मात्र स्पर्धेच्या उत्तरासाठी दहा रुपयांचे वेगळे कार्ड लागते, म्हणून ‘स्पर्धा’ आणि ‘बक्षीस’ हे शब्द आम्ही मुद्दाम टाळले. कार्डे निर्मात्यांच्या पत्त्यावर येतात आणि पंधरवड्यातून एकदा माझ्याकडे पोहोचतात. उत्तर देताना मी शुद्धलेखन दुरुस्त करत नाही, आजीसारखा एक प्रश्न विचारते आणि उत्तरासाठी एक कोरे कार्ड सोबत जोडते. त्यासाठी लागणारा टपालखर्च निर्मात्यांनी मंजूर केला आहे.

दुसऱ्या मालिकेची बोलणी सुरू आहेत. विराम साठ सेकंदांचा असावा आणि तो प्रत्येक भागात तीनदा यावा, असे मी लेखी कळवले आहे. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.